लिंबू कुणी ठेवलं?



पिंपळगाव रेणुकाईच्या बैठकीत एका पोरानं मला जे सुनावलं ते आधी मांडतो. मी करणीचा विषय काढला. पोरगं चांगलं, शिकलेलं, कायद्याची पुस्तकं वाचणारं. ते म्हणालं, "भाऊ, ते अंधश्रद्धावाल्यांचं काम आहे. आपण ॲट्रॉसिटीच्या केसेस बघू. आपल्यात असलं काही नाही, आपण बौद्ध आहोत." बाकीच्यांनी माना हलवल्या. मी गप्प बसलो. चहा घेतला, एस्टीत बसलो आणि घरी आलो. रस्ताभर डोकं तडकत होतं. तोंडावर बोलायला पाहिजे होतं ते बोललो नाही, म्हणून ती उधारी इथं चुकवतो.

माझा एक मोठा चुलता आहे. आम्ही त्याला नाना म्हणतो. गाव आपल्याच पट्ट्यातलं, पण नाव लिहीत नाही. नाना अजून तिथंच राहतो आणि ज्यांनी त्याचे दात पाडले तेही तिथंच राहतात.

नानाच्या हाताला गुण होता. निखळलेलं हाड बसवायचा. मुरगळलेल्या पायाला निरगुडीचा पाला बांधायचा. गाय व्याली आणि जार अडकली की मध्यरात्री लोक कंदील घेऊन आमच्या वस्तीत यायचे. गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घालायला नाना चालायचा. त्याच हातानं त्यांच्या माठाला शिवलेलं चालायचं नाही. हे तुम्हाला नवं नाही, पुढं जातो.

नाना गावच्या गायरानातली दोन एकर जमीन वहीत करायचा, बऱ्याच वर्षांपासून. १९९१ च्या नोव्हेंबरात सरकारी निर्णय निघाला की १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची गायरानावरची अतिक्रमणं कायम करायची. बाबासाहेबांच्या जयंतीची तारीख धरून. नाना कागदपत्रं गोळा करायला लागला, तलाठ्याकडं खेटे घालायला लागला. गावानं हे बघितलं.

१९९२ च्या पावसाळ्यात त्या गायरानाला लागून ज्याचं शेत, त्याची म्हैस आटली. मग त्याच्याच घरातलं पोरगं तापानं फणफणलं. देवऋषाकडं गेले. त्यानं तांदूळ बघून सांगितलं, "पाल्याचा माणूस हाये, काळा हाये, तुमच्या बांधाला लागून हाये." नाव घेतलं नाही. नाव घ्यायला देवऋषी खुळा थोडाच आहे! दुसऱ्या दिवशी बांधावर लिंबू सापडलं, टाचण्या टोचलेलं, हळदकुंकू लावलेलं. ते कुणी ठेवलं हे कुणीच विचारलं नाही. सगळ्यांनी एवढंच विचारलं की कुणाच्या शेताजवळ सापडलं.

नानाला मारुतीच्या पारावर नेलं. कबूल हो म्हणाले. नाना म्हणाला, "मह्यानं कशाची करणी व्हती बाप्पा? मला येती असती तर तलाठ्यावर केली नसती का?" कुणी हसलं नाही. मारायला लागले. नाना ओरडला नाही, तर एक जण म्हणाला, "बघा, मनातल्या मनात मंत्र म्हणतोय." म्हणून दगडानं पुढचे दोन दात पाडले. दात नसले की मंत्राचा उच्चार नीट होत नाही, मग मंत्र लागत नाही, असं हे शास्त्र आहे. ह्या शास्त्राला कुणी विद्यापीठाची पदवी देत नाही एवढंच.

ठाण्यात गेलो. गावातलं भांडण गावात मिटवा म्हणून परत पाठवलं. त्या वर्षी नाना गायरानात गेला नाही. दुसऱ्याचा वखर फिरला. पुढच्या वर्षीही फिरला. सात-बारावर नानाचं नाव आजपर्यंत चढलं नाही.

आता माझं सांगतो. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. आमच्याच वस्तीत, आमच्याच घरात, बाबांच्या फोटोखाली बसून मावशीनं मला सांगितलं, "नानाच्या हातचं खाऊ नको रे, काय सांगावं." नानीनं मला बोलावून गरम भाकर दिली, वर तेलतिखट. मी ती घेऊन घराच्या मागं गेलो आणि कुत्र्याला टाकली. आणि उभा राहून बघत बसलो, कुत्रं मरतंय का म्हणून. कुत्रं मेलं नाही. तरी दुसऱ्या दिवशी मी भाकर खाल्ली नाही.

म्हणून त्या पोराला म्हणतो की "आपल्यात असलं काही नाही" हे वाक्य जपून वापर.

आता जरा लांब जातो. विलायतेच्या उत्तरेला स्कॉटलंड नावाचा मुलूख आहे. तिथं १५६३ साली कायदा झाला, चेटूक करणाऱ्याला मरणाची शिक्षा. तो कायदा १७३६ पर्यंत टिकला. एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी जुनी दप्तरं चाळून आरोप झालेल्यांची मोजदाद केली, ती ३,८३७ भरली. त्यातल्या ८४ टक्के बाया, १५ टक्क्यांच्या आसपास पुरुष. बायांचं दुःख मोठंच आहे, पण मला त्या पंधरा टक्क्यांतला एक माणूस सोडत नाही. त्याचं नाव जॉन फियन. शाळामास्तर. प्रेस्टनपॅन्स नावाच्या, मिठागरं असलेल्या किनाऱ्यावरच्या गावात पोरं शिकवायचा.

१५९० मध्ये तिथला राजा सहावा जेम्स डेन्मार्कहून नवी राणी घेऊन येत होता. समुद्रात वादळं झाली, जहाजं अडली. राजाला वादळ झालं म्हणजे कुणीतरी केलं असणार! शेजारच्या गावात एका अधिकाऱ्याच्या घरी गिली डंकन नावाची मोलकरीण होती. ती आजारी माणसांना बरं करायची, म्हणून मालकाला संशय. तिची बोटं चेपून तिच्याकडून नावं वदवून घेतली. त्या नावांत हा मास्तर. बाकीच्या बहुतेक बाया, लिहितावाचता येणारा हा, म्हणून त्याला पद दिलं. सैतानाच्या सभेचा कारकून! हजेरी घेणारा, शपथ लिहून घेणारा.

त्याच्यावरची एक गोष्ट १५९१ साली लंडनला छापलेल्या पत्रकात आहे. मास्तराचं एका पोरीवर मन बसलं. तिचा भाऊ ह्याच्या शाळेत. मास्तरानं त्याला सांगितलं, बहिणीचे तीन केस आणून दे. आई हुशार. तिनं कालवडीचे तीन केस दिले. मास्तरानं मंत्र टाकला, तर पोरीऐवजी कालवड उड्या मारत त्याच्या मागं देवळापर्यंत आली. तुम्ही हसाल. आपल्याकडं चावडीवर सांगितलं तर कुणी हसणार नाही, उलट विचारील कालवड कुणाची होती.

फियनच्या डोक्याला दोर आवळून पिळला. पाय लोखंडी बुटात घालून पाचरी ठोकल्या. त्यानं कबुली दिली. मग तुरुंगातून पळाला, सापडला, आणि राजासमोर सगळी कबुली फिरवली. खोटं आहे, मारामुळं बोललो म्हणाला. मग नखं पकडीनं उपटली, तिथं सुया घातल्या. पुन्हा बूट घातले. पायांचा चेंदा झाला, तरी माणूस कबूल झाला नाही. पत्रकवाला काय लिहितो? सैतान त्याच्या काळजात खोल शिरला म्हणून तो बोलला नाही. नानाच्या पारावरचा तो माणूस आठवा. ओरडला तर गुन्हेगार, नाही ओरडला तर पक्का गुन्हेगार. मध्ये साडेसात हजार किलोमीटर आणि चारशे वर्षं आहेत, आणि युक्ती तीच. फियनला १५९१ च्या जानेवारीअखेर एडिंबराच्या किल्ल्याच्या टेकडीवर गळा आवळून जाळलं. त्याच राजानं पुढं १५९७ मध्ये चेटकावर स्वतः पुस्तक लिहिलं.

हे अडाण्यांचं काम होतं का? राजा शिकलेला, चौकशीत बसणारे शिकलेले, धर्मगुरू शिकलेले. किर्काल्डी गावात १६३३ साली विल्यम कोक नावाचा माणूस आणि त्याची बायको ॲलिसन डिक ह्यांना जाळलं, त्याच्या खर्चाची यादी शिल्लक आहे. दहा ओझी कोळसा, डांबराचं पिंप, दोर, अंगात घालायच्या जाडाभरड्या कापडाचे पैसे, ते शिवायची मजुरी, जल्लादाचा मेहनताना आणि त्याचा जेवणखाण. खर्च चर्च आणि गाव ह्यांनी वाटून घेतला. एवढा चोख हिशेब ठेवणाऱ्याला अडाणी म्हणायचं?

हे मी आपल्या चळवळीतल्या आणि चळवळीबाहेरच्या त्या सगळ्यांना विचारतो, जे करणीची बातमी वाचून "अज्ञान, अज्ञान" करतात. नानाच्या म्हशीवाल्याकडं ट्रॅक्टर होता. त्याचा पोरगा बी.ए. होता. अज्ञानाला नेमकी गायरानाला लागूनचीच माणसं कशी दिसतात? करणीला सात-बारा वाचता येतो काय? अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांचे उपकार मी विसरणारा नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात गोळ्या घातल्या, तेव्हा कुठं चार दिवसांत सरकारनं जादूटोण्याविरुद्धचा वटहुकूम काढला, आणि डिसेंबरात कायदा झाला. जीव देऊन कायदा आणला त्या माणसानं. पण त्यांच्या कार्यकर्त्यांनी गावात येऊन नारळातून धूर काढून दाखवला आणि गेले, की मागं वखर कुणाचा फिरतो हे कोण बघणार? ते आपलं काम आहे.

मंत्राचा धंदा मुळात कुणाचा, हेही एकदा बोलून टाकू. अथर्ववेदात शत्रूला मारायचे, आजारी पाडायचे, सवतीला हाकलायचे मंत्र आहेत. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात सांगितलंय की ब्राह्मणानं शत्रूवर अथर्ववेदातली वचनं बेलाशक वापरावीत, वाणी हेच त्याचं शस्त्र. नवव्या अध्यायात तोच मनू मारणमंत्र आणि मुळ्यापाल्याचे प्रयोग करणाऱ्याला दोनशे पण दंड सांगतो. म्हणजे करणी एकच. वर केली तर अनुष्ठान, खाली केली तर गुन्हा. आणि खालच्यानं केलीच नसली तरी गुन्हा. पेशवाईत तर भुतं लावणाऱ्यांना हुडकून शिक्षा करायला सरकारी माणसं नेमलेली होती. न्यायमूर्ती रानड्यांनी पेशव्यांच्या रोजनिश्यांबद्दल लिहिताना ह्याची नोंद केलीय. स्कॉटलंडात राजा, इथं श्रीमंत. असो.

बैठक होती त्या गावाच्या नावातच रेणुका आहे. तिची गोष्ट तुम्हाला तोंडपाठ असेल. पाणी आणायला गेली, पाण्यात खेळणारा राजा बघून क्षणभर मन हललं, एवढाच नवऱ्याचा संशय. पुरावा नाही, साक्षीदार नाही, तिला विचारलंसुद्धा नाही. पोरांना हुकूम दिला, आईला मारा. चौघं नाही म्हणाली. पाचव्यानं कुऱ्हाड घातली, आणि देव झाला तो पाचवा. नाही म्हणणाऱ्या चौघांचं देऊळ कुठं बघितलंय कुणी? दक्षिणेकडं सांगतात की ती जीव वाचवायला एका मातंगिणीच्या घरात शिरली, आणि परशुरामानं दोघींची मुंडकी उडवली. जिनं आसरा दिला तीही मेली. आमच्या घराला आसरा मागायला कोण येतं आणि कुऱ्हाड कुणाच्या मानेवर पडते, हे त्या गोष्टीत सरळ लिहिलेलं आहे.

त्या गावात हिरव्या मिरचीचा मोठा बाजार भरतो. ट्रकच्या ट्रक परराज्यात जातात. आत टनांनी मिरची, आणि समोर बंपरला लिंबासंगं पुन्हा सात मिरच्या टांगलेल्या! आतल्या एवढ्या मिरचीनं नजर जळत नाही काय रे? बैठकीहून येताना मी हे मोजत होतो. आपल्या पोरांच्या मोटरसायकलींनाही दोन ठिकाणी दिसलं. एकीच्या नंबरप्लेटवर निळा झेंडा होता.

आता २०२१ वर या. २१ ऑगस्ट. चंद्रपूर जिल्हा, जिवती तालुका, वणी खुर्द. तेलंगणाच्या सीमेवरचा डोंगर. १९७२ च्या दुष्काळात आणि त्याच्या आगंमागं आपल्या मराठवाड्यातलीच माणसं पोट घेऊन ह्या डोंगरात गेली, जंगल फोडून राहिली. त्या गावात भानामती केल्याच्या संशयावरून दलित कुटुंबांतली म्हातारी माणसं, बाया-पुरुष, भर चौकात खांबाला बांधून मारली. सात जण जखमी. गाव बघत उभं. पोलिसांनी नंतर तेरा जणांना अटक केली. म्हणजे दुष्काळात आपली माणसं भाकरीच्या मागं एवढ्या लांब गेली, तरी जात आणि भानामती गाठोड्यात बांधून सोबतच गेली.

भानामती मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. बाया कुत्र्यासारख्या भुंकतात, दांडीवरच्या कपड्याला आग लागते, पिठात घाण सापडते, अंगावर फुल्या उठतात. त्या भुंकणाऱ्या बाईला काय दुखतं हे कुणी विचारत नाही. सासरात जिला तोंड उघडता येत नाही ती भुंकते, माझा तर हाच अंदाज आहे. तिच्या भुंकण्याचं भांडवल करून दुसऱ्याच्या वस्तीतला म्हातारा शोधायचा, ही गावाची अक्कल.

आता त्या कायद्याच्या पोराला कायदाच दाखवतो. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. २०१५ मध्ये त्यात दुरुस्ती झाली, २६ जानेवारी २०१६ पासून लागू. कलम ३, पोटकलम १, खंड झेड-बी उघड. चेटूक करतो किंवा चेटकीण आहे असा आरोप ठेवून अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला शारीरिक इजा किंवा मानसिक यातना दिली तर तो अत्याचार आहे. मानसिक यातनासुद्धा. मारायलाच पाहिजे असं नाही. त्याच्या पुढचाच खंड झेड-सी, सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार. हे दोन खंड शेजारीशेजारी बसलेत, आणि गावातही ते शेजारीशेजारीच राहतात. तू ज्याला "अंधश्रद्धावाल्यांचं काम" म्हणालास ते तुझ्याच पुस्तकात लिहिलंय, भाऊ.

राज्याचा २०१३ चा कायदा वेगळा, तोही सोबत लावायचा. अमुक माणूस करणी करतो, मंत्रानं गाईम्हशीचं दूध आटवतो, त्याच्यामुळं रोग येतो असं भासवून त्याचं जगणं मुश्कील केलं तर गुन्हा. दूध आटवण्याचं कायद्यात लिहावं लागलं, बघा! सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच हजार ते पन्नास हजार दंड, दखलपात्र, अजामीनपात्र. ठाण्यात "किरकोळ मारहाण" लिहून घेतात, तिथं बसून राहायचं. फिर्यादीत देवऋषाचं नाव आलं पाहिजे, कारण बोट दाखवणारा तो. आणि जमिनीचा वाद असेल तर तोही पहिल्याच फिर्यादीत लिहायचा. नंतर सांगितला की वकील म्हणतो रचलेली गोष्ट आहे. तपास उपअधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा असतो, हे ठाण्यात सांगायला लाजू नका. नानाच्या वेळी ॲट्रॉसिटीचा कायदा होता, पण करणीचा खंड नव्हता. मागच्या गुन्ह्याला नंतरचं कलम लागत नाही. त्यामुळं नानाच्या दातांची केस आता होत नाही. मी विचारून बघितलंय.

पण कलम आपल्याच माणसांवर चालत नाही तिथं काय करायचं? झेड-बी लागायला आरोपी बाहेरच्या जातीचा लागतो. माझी मावशी आपल्याच जातीची होती. वस्तीत एखादं लेकरू गेलं की आपणही शेजारच्या एकट्या म्हातारीकडं बघतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्या आपण दर वर्षी हात पुढं करून म्हणतो. आणि लेकराला ताप आला की आधी दर्ग्यावर, मग देवऋषाकडं, शेवटी दवाखान्यात. केवट्ट नावाच्या माणसानं बुद्धाला सांगितलं की भिक्खूंना चमत्कार करून दाखवायला सांगा, लोक भुलतील. बुद्ध म्हणाला मला चमत्काराची शिसारी आहे, शिकवणं हाच काय तो चमत्कार. हे सुत्त आपल्या किती विहारांत वाचलं जातं? वंदना तीन मिनिटांत संपते आणि खीर वाटतात.

८ मार्च २०२२ ला स्कॉटलंडच्या मुख्यमंत्रीण निकोला स्टर्जन ह्यांनी विधिमंडळात त्या सगळ्या आरोपितांची माफी मागितली. फियनला चारशे तीस वर्षं थांबावं लागलं. मी मोठा झाल्यावर, नोकरी लागल्यावर नानाची माफी मागायला गेलो होतो. कुत्र्याला टाकलेल्या भाकरीची. नाना पडवीत बसला होता. ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला म्हाईत व्हतं. तुह्या नानीनं बघितलं व्हतं." एवढंच. मग मला विचारलं, जेवलास का. आतून भाकर आली. मी खाल्ली. नाना चहात बुडवून खातो, पुढं दात नाहीत.

पुढची बैठक त्याच गावात आहे, रविवारी. मी दोन्ही कायद्यांच्या झेरॉक्स आणतोय, वीस प्रती. आणि नानाला घेऊन येतोय. तो यायला तयार झालाय, बोलेल की नाही माहीत नाही. खाली बसता येत नाही त्याला, गुडघे धरतात. कुणीतरी एक खुर्ची आणून ठेवा.